२०१२ ची फॉर्च्युनर, २,१०,००० किमी: घ्यावी का?

प्रश्न: ३.० डिझेल, मॅन्युअल, दुसरा मालक, गाडी रत्नागिरीची. टायमिंग बेल्ट (इंजिनचे वॉल्व्ह वेळेवर उघडवणारा पट्टा) बदलल्याचं मालक सांगतात, बिल नाही. काय काय तपासू?

उत्तर १: बिल नाही म्हणजे बदललेला नाही असंच धरा. दीड लाख किमीला डॅशवर टी-बेल्टचा (टायमिंग बेल्टचा) दिवा लागतो, पण बेल्ट न बदलताही तो रिसेट करता येतो. बेल्ट तुटला तर वॉल्व्ह वाकतात. बेल्ट आणि त्याला ताण देणाऱ्या, फिरवणाऱ्या पुल्या (टेन्शनर, आयडलर) एकदमच बदला.

त्याहून मोठी भीती इंजेक्टरच्या (डिझेल फवारणाऱ्या नळीच्या) तांब्याच्या वॉशरची. ते गळले की काजळी ऑइलमध्ये उतरते, संपमधली (इंजिनखालच्या ऑइलच्या टाकीतली) जाळी तुंबते, ऑइल प्रेशर पडतं आणि आधी टर्बो जातो. म्हणून संप उतरवून जाळी बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. इंजिन पूर्ण थंड असतानाच स्टार्ट करा, गरम इंजिनात दोष लपतात. गरम करून ठेवलेली गाडी दाखवली तर दुसऱ्या दिवशी सकाळी परत जा.

उत्तर २: कोकणातली गाडी आहे, गंजाची भीती; लिफ्टवर चढवून चॅसी (खालचा लोखंडी सांगाडा) बघाच. मागच्या चाकांजवळ हातोडीने हलके ठोका; आवाज बद्द आला किंवा पापुद्रे सुटले तर सोडून द्या. नवीन काळा रंग दिसला तर गंज लपवला असेल, जास्तच खरवडा.

उत्तर ३: आरसीवर (नोंदणीपत्रावर) कर्जाचा बोजा असेल तर बँकेची एनओसी (ना-हरकत पत्र) आणि बोजा उतरवण्याचा फॉर्म ३५ आधी घ्या. नोंदणी २०२७ पर्यंतच; पुढे नूतनीकरणाला फिटनेस तपासणी लागेल, भाव त्या हिशोबाने पाडा.