दुधावर खापर नको, गव्हाच्या त्रासाची तपासणी मात्र करा

बाळाला गाईचं दूध लवकर सुरू केल्याने टाइप 1 मधुमेह होतो, असं म्हटलं जातं; हा मुद्दा आता टिकत नाही. नेमकं हेच तपासायला 15 देशांतल्या, घरात हा आजार असलेल्या 2159 बाळांवर ट्रायगर चाचणी झाली. एका गटाला दुधातली प्रथिनं तोडून बनवलेली पावडर, दुसऱ्याला नेहमीची. 2018 मध्ये निकाल आला: आजाराच्या प्रमाणात म्हणावा असा फरक नाही. तेव्हा आईला दोष देणं थांबवा.

आहाराचा खरा संबंध मधुमेहाच्या निदानानंतर येतो, त्याबद्दल फारसं बोललं जात नाही. एचएलए डीक्यू2 आणि डीक्यू8 या जनुकप्रकारांमुळे टाइप 1 चा धोका वाढतो, तसाच सीलिअॅकचाही (गव्हातल्या ग्लूटेन या प्रथिनामुळे आतड्याला इजा होणारा आजार). म्हणून टाइप 1 असलेल्या मुलाची टीटीजी-आयजीए ही सीलिअॅकच्या अँटीबॉडी शोधणारी रक्तचाचणी करा, सोबत एकूण आयजीए (अँटीबॉडीचा एक प्रकार) किती आहे तेही बघा. हे आयजीए मुळातच कमी असेल तर टीटीजी खोटी निगेटिव्ह येते. तपासणी होईपर्यंत पोळी बंद करू नका (घाईने हेच केलं जातं), अँटीबॉडी उतरतात आणि निदान हुकतं. सीलिअॅक निघालाच तर ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ चालतात, पण त्यात गहू मिसळू नये म्हणून दळण वेगळ्या जात्यावरचं हवं. विकतची थालीपिठाची भाजणी आणि डबीतला हिंग यांवरचा घटकांचा मजकूर वाचा. अशा बांधणी (मिसळ केलेल्या) हिंगात बहुधा मैदा किंवा कणीक असते.