लाल दोरीत ज्येष्ठमध किती?

(सोसायटीचा ग्रुप, शनिवार संध्याकाळ)

३०२ काकू: नमस्कार मंडळी. लेक न्यू जर्सीहून आलाय. चॉकलेटं नेहमीचीच, म्हणून या वेळी वेगळा प्रकार आणलाय. लिकोरिस म्हणतात. फळांच्या चवीच्या लांब लांब पीळदार दोऱ्या, सहा रंगांच्या. स्टीलच्या डब्यात घालून वॉचमनच्या टेबलावर ठेवल्यात. घरटी दोन घ्या आणि कशा लागल्या ते सांगा. डबा परत हवाय.

सेक्रेटरी: उद्या सकाळी १० ते १ टाकीसफाई. पाणी भरून ठेवावे.

६०२: काकू, घरटी दोन की माणशी दोन?

३०२ काकू: घरटी.

६०२: मग माझ्याकडून चूक झालीय.

४०१: आमच्या पोरीने निळी उचलली. डब्यावरच्या चिठ्ठीत रासबेरी लिहिलंय. रासबेरी निळी कधीपासून झाली?

६०२: अमेरिकेत निळीच असते ती. चेरी, स्ट्रॉबेरी, कलिंगड सगळ्यांनी लाल रंग घेतल्यावर तिच्यासाठी काही उरलं नाही, म्हणून निळा दिला.

४०१: जीभ बघा तिची. सोमवारी युनिट टेस्ट आहे आणि ही आरशासमोर जीभ काढून उभी.

२०४ डॉक्टर: एक सूचना. लिकोरिस म्हणजे आपलं ज्येष्ठमध. ब्लड प्रेशरवाल्यांनी जपून. त्यातल्या ग्लिसिरायझिन नावाच्या गोड द्रव्यामुळे शरीरात मीठ साठतं, पोटॅशियम कमी होतं, प्रेशर वाढतं. अमेरिकेच्या एफडीएचा, म्हणजे तिथल्या अन्न-औषध खात्याचा, इशारा आहे की चाळिशी उलटलेल्यांनी काळं लिकोरिस रोज २ औंस, म्हणजे साधारण ५७ ग्रॅम, दोन आठवडे खाल्लं तर हृदयाचे ठोके अनियमित होऊ शकतात.

१०३ काका: मी अर्धी खाल्ली. आता काय करू?

२०४ डॉक्टर: उरलेली अर्धी ठेवून द्या.

सेक्रेटरी: वॉचमनच्या टेबलावर तशी नोटीस लावू का?

३०२ काकू: एक मिनिट. मी खाऊ वाटलाय, विष नाही. चष्मा शोधून पाकीट वाचते.

३०२ काकू: वाचलं. कॉर्न सिरप, साखर, गव्हाचं पीठ, पाम तेल, ग्लिसरिन, सायट्रिक ॲसिड, मग रंगांची रांग. ज्येष्ठमध नाही. दोनदा वाचलं. लेकाकडूनही वाचून घेतलं.

२०४ डॉक्टर: पाकिटाचा फोटो टाका.

३०२ काकू: (फोटो)

२०४ डॉक्टर: बरोबर आहे. इशारा काळ्या, म्हणजे खऱ्या ज्येष्ठमधाच्या लिकोरिसपुरता धरावा. १०३, उरलेली अर्धी खा.

१०३ काका: ती नातवाने खाल्ली.

३०४ आजी: (व्हॉइस मेसेज, नातवाने टाईप केला) आजी विचारतेय जिलेटिन आहे का. पाकिटावर हिरवा ठिपका दिसत नाही.

३०२ काकू: आजी, तिकडच्या पाकिटांवर ठिपका नसतोच. जिलेटिन नाही, मी तेच आधी बघितलं. पण मैदा आहे, आज संकष्टी आहे तर उद्या खा.

४०१: मैदा? गोळीत?

१०१ काका: मी सांगतो. ३१ वर्षं बिस्किटांच्या कारखान्यात काढली आहेत. तुम्ही हिला गोळी समजताय, तिथेच चुकतंय. ही गोड शेव आहे. लिमलेटची गोळी म्हणजे नुसता साखरेचा पक्का पाक, थंड झाला की काच. जेलीची गोळी जिलेटिनवर किंवा फळांतल्या पेक्टिनवर उभी राहते. या दोरीला मैदा धरून ठेवतो. मैदा, सिरप, साखर एकत्र शिजवायचं, घट्ट गोळा झाला की दाबाखाली साच्यातून काढायचं. सोऱ्या डोळ्यांसमोर आणा, नेमकं तेच. भोकाला चकलीच्या चकतीसारख्या कडा असल्या की दोरीवर धारा उमटतात, आणि बाहेर पडताना फिरवलं की पीळ पडतो. मग सुकवायचं. ग्लिसरिन ओल धरून ठेवतं म्हणून ती वाळून कडक होत नाही. आता चावून बघा. रबरासारखी ताणत नाही, तुटते. तुटलेली कड बारकाईने पाहा, पिठासारखी दिसेल.

६०२: काका, तुमच्यामुळे पाचवी खाल्ली. अभ्यासासाठी.

१०१ काका: आणि नावाचं म्हणाल तर, या दोऱ्या करणारे ट्विझलर्सवाले १८४५ पासूनचे. आधी खऱ्या काळ्या लिकोरिसचाच धंदा. पुढे स्ट्रॉबेरीची दोरी लोकांना जास्त आवडली. मूळ पदार्थ गेला, आकार आणि नाव मागे राहिलं. आपल्याकडे खवा नसलेल्या बर्फीला बर्फीच म्हणतात, तसं.

४०१: पण चवीचं कुणी बोलतच नाहीये. लाल मला खोडरबरासारखी लागली. शाळेत वासाची खोडरबरं मिळायची ना, चोरून चावायचो, तीच चव. वाईट म्हणत नाहीये हं काकू. मला आवडायची ती खोडरबरं.

३०२ काकू: मनमोकळं सांग गं. मलाही पहिली मेणबत्ती वाटली. दुसरीला बरी वाटली. तिसरी कधी संपली कळलं नाही.

१०३ काका: जांभळी द्राक्षाची म्हणे. आमच्या नाशिकच्या द्राक्षाची नाही एवढं नक्की.

५०३: तिकडे ग्रेप म्हणजे कॉन्कर्ड द्राक्ष, काका. काळंजांभळं, उग्र वासाचं. आपण खातो ती जात वेगळी. ज्याने ते खाल्लंय त्याला ही चव ओळखीची वाटते.

५०३: आणि खरं लिकोरिस बघायचं तर फिनलंडला जा. मी हेलसिंकीत दोन वर्षं होतो. ऑफिसात पहिल्याच दिवशी एकाने काळी चौकोनी गोळी हातावर ठेवली, सगळे माझ्या तोंडाकडे बघत उभे. साल्मियाक्की. त्यात ज्येष्ठमध असतंच, वर अमोनियम क्लोराइड. आधी खारट, मग नाकात झिणझिण्या, मग ती बाळगुटीची गोडी. मी कागदात थुंकली. दोन वर्षांनी येताना बॅगेत आठ पाकिटं होती.

१०१ काका: अमोनियम क्लोराइड म्हणजे नवसागर!

३०४ आजी: (व्हॉइस मेसेज) नवसागर खातात? अरे, कल्हईवाला यायचा, तो भांडं तापवून त्याची पूड टाकायचा. पांढरा धूर निघायचा, आम्ही पोरं खोकत पळायचो. मग कथिल फिरवून कापसाने पुसलं की पातेलं चांदीसारखं. ते पोटात घालतात? पोटाला कल्हई करायचीय का?

५०३: आजी, तिथे आइस्क्रीमसुद्धा मिळतं त्याचं.

३०४ आजी: (व्हॉइस मेसेज) बाळगुटीत ज्येष्ठमध असायचं, तेवढं बरं होतं. सहाणेवर दोन वेढे. तुमच्या सगळ्यांच्या तोंडात गेलंय ते. आता परदेशातून रंगीत दोरी आणता आणि त्यात तेही नाही.

४०१: ज्येष्ठमध म्हणजे मोठा मध का हो? मला लहानपणापासून तसंच वाटतं.

२०४ डॉक्टर: नाही. संस्कृतात यष्टिमधु. यष्टि म्हणजे काठी. बोलता बोलता यष्टिचं ज्येष्ठ झालं, वयाशी संबंध नाही. लिकोरिस शब्दाच्या मुळाशीही ग्रीकमध्ये गोड मूळ असाच अर्थ आहे. ग्लिसिरायझिन साखरेच्या तीस ते पन्नास पट गोड असतं, नाव दोन्हीकडे गोडीवरून पडणारच.

६०२: डॉक्टर, तुम्ही किती खाल्ल्या?

२०४ डॉक्टर: पिवळी एक. लेमोनेड. ती चांगली आहे.

१०३ काका: आम्हाला भीती घालून स्वतः खाल्ली.

१०१ काका: फळाची चव आणि चिवटपणा हवा असेल तर फणसपोळी खा. आमसुलं, बोरकूट, आंबापोळी, कशाकशाचं नाव घ्यायचं? फळ आटवायचं, उन्हात घालायचं, संपलं. त्यात फणस असतो हे सांगायला पाकीट वाचावं लागत नाही.

३०२ काकू: काका, फणसपोळीला दोष नाही. पण तिकडे न्यू जर्सीत, एडिसनमध्ये ऊन शोधायचं कुठे? आमच्या नातीला ही दोरीच तिची वाटते. मी गेल्या वर्षी राजापूरहून आंबापोळी नेली तर म्हणाली, आजी, हे लेदर कशाला खायचं?

४०१: 😂

सेक्रेटरी: लिफ्टमध्ये निळी दोरी चिकटवली आहे. ज्यांच्या पाल्याचे हे काम असेल त्यांनी काढावी.

४०१: येते.

३०२ काकू: डबा खाली दिसत नाहीये. कुणी घेतला?

३०४ आजी: (व्हॉइस मेसेज) माझ्याकडे आहे. रिकामा कसा पाठवू? फणसपोळी घालून देते. तुझ्या लेकाला सांग, चावायला वेळ लागेल, विमानात खा.

३०२ काकू: आजी 🙏

३०४ आजी: (व्हॉइस मेसेज) पण झाकण नव्हतं हो डब्याला.

३०२ काकू: झाकण होतं. त्याच्यावर आमचं आडनाव कोरलंय. ६०२?

६०२: बघतो काकू.