जाम विंडलासवर घण घालायचा सल्ला कृपया देऊ नका

रेवदंडा_खाडी
परवा एकाने लिहिलं, "नांगराचा विंडलास जाम झाला की गॅस मारायचा, चार घण घालायचे, सुटतोच." खाली सगळे वाहवा करतायत. राहवलं नाही, म्हणून सविस्तर लिहितोय.

विंडलास म्हणजे नांगराची साखळी ओढायचं यंत्र. त्याचा शाफ्ट स्टेनलेसचा, गिअरबॉक्सचं घर अॅल्युमिनियमचं. मध्ये खारं पाणी मुरलं की खाल्लं जातं ते अॅल्युमिनियम. त्याची पांढरी भुकटी मूळ धातूपेक्षा जास्त जागा घेते आणि शाफ्टला चहूबाजूंनी आवळून बसते. तेलात ती विरघळत नाही. घण घातला की शाफ्टचं टोक फुलतं, आटे जातात आणि दणका थेट आतल्या गिअरवर आणि बेअरिंगवर बसतो. नुसतं अडकलेलं असतं ते मोडून ठेवता.

उष्णता द्या, पण घराला. अॅल्युमिनियम स्टेनलेसच्या जवळपास दीडपट फुगतं. ३० मिमीच्या शाफ्टवर नुसतं घर १०० अंशांनी तापवलंत तर साधारण ०.०७ मिमी मोकळीक मिळते. दोन्ही सारखं तापलं तर जेमतेम ०.०२. म्हणून शाफ्टवर बर्फ, घरावर किटलीतलं उकळतं पाणी, पुलर (चाक शाफ्टवरून ओढून काढायचं साधन) ताणलेला आणि पुलरच्या बोल्टवर हलका ठोका. नाही सुटलं तर ताण तसाच ठेवून रात्र जाऊ द्या. गॅसच्या ज्योतीने ऑइल सील जळतं, फायबरच्या डेकचं रेझिन मऊ पडतं ते वेगळंच.

हर्णै_नाखवा
वाचायला छान आहे. वारा फिरलाय, साखळी ताणलेली, मागे खडक आणि साखळीचं चाक मोकळं करणारा क्लच हलत नाही. तेव्हा किटली चढवायची का? आमच्या काकांनी अशाच वेळी घण घालून क्लच मोकळा केला म्हणून बोट आणि पाच माणसं घरी आली. गिअरबॉक्स गेला, जाऊ दे. तुमच्या हौशी बोटी शनिवार-रविवारी निघतात, आमचं पोट आहे त्यावर.

रेवदंडा_खाडी
नाखवा, काकांनी केलं ते बरोबरच केलं. पण साखळीचं आतलं टोक बोटीला दोरीने बांधलेलं असलं, तर सगळी साखळी सोडायची, दोरीला बोया बांधायचा, कोयत्याने दोरी कापायची आणि निघायचं. नांगर दुसऱ्या दिवशी उचलता येतो. किती बोटींवर ते टोक शॅकलने (धातूच्या कडीने) कायमचं ठोकलेलं असतं, तुम्हीच सांगा.

हर्णै_नाखवा
क्लचच सुटत नव्हता म्हणतोय ना मी. साखळी सोडणार कशी? दोरीचं तेवढं खरं आहे, आमच्याकडेही शॅकलच आहे.

लेथवाला
भांडताय चुकीच्या गोष्टीवर. सगळ्या दुखण्याचं मूळ स्टेनलेसचं वेड आहे. गिऱ्हाईक येतं, चकचकीत बोल्ट मागतं, दुकानदार ३०४ प्रतीचं स्टेनलेस देतो, ३१६ म्हणून खपवतो. ३१६ मध्ये मॉलिब्डेनम असतं म्हणून ते खाऱ्या पाण्यात जास्त टिकतं, पण दिसायला दोन्ही सारखेच. मग तेच कोरडे पिळून अॅल्युमिनियममध्ये बसवायचे आणि सुटेनात की माझ्याकडे यायचं, "मिस्त्री, ड्रिल मारून काढा". जुने गनमेटलचे, म्हणजे तांबं-कथलाच्या मिश्रधातूचे, विंच बघा. हिरवे पडतात, पण पान्हा लावला की फिरतात.

निवृत्त_इंजिनरूम
लेथवाले, अॅल्युमिनियमला लागून गनमेटल बसवलंत तर ते स्टेनलेसपेक्षाही लवकर खातं. तांबं आहे त्यात. त्याच कारणाने तांब्याची भुकटी असलेलं अँटीसीझ (आटे जाम होऊ नयेत म्हणून लावायचा लेप) अॅल्युमिनियमवर लावू नये, आणि बाजारात नेमकं तेच पहिलं हातात देतात. दोष स्टेनलेसचा नाही, कोरडं बसवण्याचा आहे.

लेथवाला
नीट वाचा साहेब. घरही गनमेटलचंच, असं म्हणतोय मी. दोन धातू एकत्र आलेच नाहीत तर खाणार कोण?

निवृत्त_इंजिनरूम
आणि वजन? गनमेटल अॅल्युमिनियमच्या तिप्पट जड. ते बोटीच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, ठेवायचं, किमतीचं तर बोलायलाच नको. आयुष्य इंजिनरूममध्ये गेलंय माझं, लेथपाशी उभं राहून बोट कळत नाही.

लेथवाला
तुमच्या जहाजावर स्टोअरमधून नवीन पार्ट यायचा. इथे तुटलेला पार्ट मलाच घडवावा लागतो. शिकवू नका.

मिरकरवाड्याची_मालकीण
तुमचा धातू राहू दे बाजूला. १ जून ते ३१ जुलै, ६१ दिवस यांत्रिकी मासेमारी बंद. बोट ओढून, शाकारून ठेवायची आणि विंचवर ताडपत्री गच्च बांधायची. आत दमट हवा कोंडते, धुतलेलं नसतं तर मीठही तसंच असतं. दोन महिने कोणी हात लावत नाही. नारळी पौर्णिमा तोंडावर आली की सगळे एकदम फिटरच्या दारात, मग घणाशिवाय दुसरं काय होणार? हिशेब मी बघते. यंदा बंदी लागायच्या आधीच जिप्सी, म्हणजे साखळी धरणारं खाचांचं चाक, उतरवून घेतली. चाकाखाली मिठाचा थर आणि शाफ्टला चाकाशी अडकवणारी अर्धगोल चावी खाचेत घट्ट रुतलेली. गोड्या पाण्याने धुवून, ग्रीस भरून बसवली. आता दर पंधरा दिवसांनी पोरगा ताडपत्री सोडून हाताने फिरवतो.

हर्णै_नाखवा
ताई, बंदीच्या काळात खिशात दमडी नसते. आधी खलाशांची उचल, मग जाळी, मग इंजिन. विंचचा नंबर शेवटी लागतो.

मिरकरवाड्याची_मालकीण
गोड्या पाण्याला आणि ग्रीसला किती पैसे लागतात नाखवा? नवीन गिअरबॉक्सला किती लागले ते काकांना विचारा.

हर्णै_नाखवा
विचारायला नको, मला माहीत आहे. बरं, धक्क्यावर असताना किटली करून बघतो. पण घण बोटीवरून उतरणार नाही.

लेथवाला
पुलर माझ्याकडून न्या, पण परत आणा. जिप्सी काढताना शाफ्टच्या टोकावर जुना नट उलटा लावा, नाहीतर पुलरचा बोल्टच आटे खाईल. आणि साहेब, वजनाचं म्हणताय तर नाळेत तुम्ही टाकलेली साखळी किती किलोची आहे ते आधी सांगा.