मृत्युपत्रात मुलांचा पालक: मूल एकाकडे, पैसा दुसऱ्याकडे?

दोन_पिल्लं: आम्ही दोघं मृत्युपत्र करतोय. मुलगी ९ वर्षांची, मुलगा ४. दोघांचंही एकदम काही बरंवाईट झालं तर पालक कोण, इथे घोडं अडलंय. माझं मत ठाम आहे: मुलं माझ्या धाकट्या बहिणीकडे जावीत. ती जवळच राहते, तिच्या घरी मुलं हक्काने जेवतात, रुसतात. पैसा मात्र दिरांनी बघावा, ते हिशेबाला चोख. नवऱ्याला पटलंय. सासूबाई म्हणतात, काका असताना मुलं मावशीकडे कशाला? तुम्हाला काय वाटतं?

नाना_सातारकर: साफ चूक. शाळेची फी, चष्मा, सहलीचे पैसे, दर वेळी मावशीने काकांपुढे हात पसरायचा? वर्षाच्या आत दोन्ही घरांत अबोला. विश्वास असेल तर पूर्ण टाका. आमच्याकडे कुठलाही कागद न करता चुलत्यांनी पुतणे वाढवलेत.

काळा_कोट: वाढवले, खरं आहे नाना. त्या पुतण्यांच्या नावापुढचं 'अ.पा.क. चुलते' (अज्ञान, म्हणजे अल्पवयीन मुलांचे पालनकर्ते) सातबाऱ्यावरून निघायला त्यांची लग्नं होऊन मुलं झाली, तेही सांगा!

ताई, कायदा तुमच्या बाजूने आहे. हिंदूंसाठी १९५६ चा अज्ञान पालकत्वाचा कायदा आहे. त्याच्या कलम ९ प्रमाणे मुलाच्या देखभालीसाठी आणि मालमत्तेसाठी वेगवेगळे पालक नेमता येतात. पण मृत्युपत्र दोघांनीही करा. नुसतं नवऱ्याने करून ठेवलं आणि त्यांच्यामागे तुम्ही हयात असाल, तर ती नेमणूक तेव्हा लागूच होत नाही. पुढे तुम्ही कुणालाच न नेमता गेलात तरच ती जिवंत होते. तुम्ही वेगळं नाव लिहिलंत तर तुमचं नाव चालतं. म्हणून दोन्हीकडे नावं तीच हवीत. आणखी एक: एकत्र कुटुंबाच्या जमिनीतल्या मुलांच्या अविभक्त हिश्श्यावर असा पालक नेमता येत नाही. सासरची शेती सामाईक असेल तर तो प्रश्न निराळा.

नाना_सातारकर: म्हणजे एवढं करूनही कोर्टाची पायरी आहेच ना? मग खटाटोप कशाला?

काळा_कोट: आहेच. मुलाचं हित सर्वांत वर, हे कलम १३ सांगतं. मृत्युपत्राने नेमलेल्या पालकालाही कोर्ट दूर करू शकतं. पण आईबापांनी लिहून ठेवलेलं नाव आणि तेराव्यानंतर दोन्हीकडच्या नातलगांनी घातलेला वाद, यात न्यायाधीशापुढे काय वजनदार ठरतं ते तुम्हीच सांगा.

बचतगट_ताई: मी नानांच्या बाजूने अर्धी. हात पसरायला लावणं वाईटच. पण त्यावर इलाज मूल आणि पैसा एकाकडे देणं हा नाही. माझ्या पाहण्यातल्या एका घरात मामाने भाच्यांची ठेव मोडून स्वतःचं दुकान वाढवलं. मनाने वाईट नव्हता, म्हणे "परत टाकणारच होतो." विचारणारंच कुणी नव्हतं. नवऱ्याने टर्म विमा घेताना १८७४ च्या विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेच्या कायद्याखाली बायकोमुलांच्या नावे घ्यावा. तो पैसा त्यांच्यासाठी विश्वस्त निधी ठरतो, कर्जदारांना सहसा हात लावता येत नाही. आणि नुसतं नॉमिनी लावून सुटलो असं समजू नका. नॉमिनी म्हणजे दर वेळी मालकच असं नाही.

नाना_सातारकर: दुकानवाला मामा सगळ्यांच्या घरी नसतो. घरातल्या माणसावर पहारेकरी बसवलात की तो परक्यासारखाच वागणार. मी माझ्या मतावर कायम.

तरी एक विचारतो. बहिणीला विचारलंत का? उद्या तिचं लग्न होऊन ती बंगळूरला गेली तर?

दोन_पिल्लं: काल विचारलं. तयार आहे, पण दिरांकडे पैसे मागायला जाणार नाही म्हणाली. म्हणून दरमहा ठरावीक रक्कम थेट तिच्या खात्यात, फी आणि दवाखाना वेगळा, असं मृत्युपत्रातच लिहितोय. वर्षाकाठी दोघांनी एकमेकांना हिशेब दाखवायचा. तिला जमलं नाही तर मुलं दिरांकडे. सासूबाईंना दुसरं नाव सांगितलंय, पहिलं अजून नाही.

बचतगट_ताई: पहिलंही सांगा, दिरांच्या समोरच. आणि साक्षीदार दोन लागतात, दोघंही तुमच्याहून तरुण बघा.