मदत हवी आहे: खाडीतल्या फ्लेमिंगोंसाठी २००-५०० लेन्स घ्यावी की १५०-६००?

नमस्कार मंडळी. मी ऐरोलीला राहतो. सध्या निकॉन डी७५०० कॅमेरा आणि ७०-३०० मिमीची झूम लेन्स वापरतो. ओहोटीला ठाणे खाडीतले फ्लेमिंगो चिखलात पार आत जातात. ३०० वर अख्खा थवा छान येतो, पण एकाच पक्ष्याची वाकडी चोच, तिचं काळं टोक हवं असेल तर इतकं क्रॉप करावं लागतं की पिसांचा तपशील उरतच नाही.

निकॉन २००-५०० आणि सिग्मा १५०-६०० कंटेम्पररी यांच्यात अडकलोय. निकॉनचं अ‍ॅपर्चर (उजेड आत घेणारं तोंड; एफचा आकडा लहान तितका उजेड जास्त) ५०० वरही एफ ५.६ राहतं आणि ठाण्याजवळच्या येऊरच्या झाडीत, पावसाळी उजेडात तेच कामाला येतं. पण वजन २.३ किलो! सिग्मा दोन किलोच्या आत, मात्र ६०० ला एफ ६.३. डी७५००च्या लहान सेन्सरमुळे ५०० सुद्धा मोठ्या (फुल फ्रेम) सेन्सरवरच्या ७५० इतकी जवळ आणते, म्हणून माझा कल निकॉनकडेच आहे.

बोटीत ट्रायपॉडचा उपयोग नाही, इंजिनाची थरथर थेट लेन्सपर्यंत पोचते. हातात धरून कोणी २००-५०० वापरली आहे का? उडत्या पक्ष्यावर फोकस किती पटकन बसतो? आणि सेकंडहँड घ्यायची तर बुरशीशिवाय आणखी काय तपासून घ्यावं? आपल्याकडच्या दमट हवेत मला तिचीच जास्त धास्ती वाटते.