मागच्या भिंतीजवळचा ड्रम नंबर ३

सोसायटी ऑफिशियल ग्रुप, नेरुळ. मे महिन्यातला रविवार.

देशमुख काकू, बी-१०२: सावंत साहेब, सकाळपासून मागच्या खिडक्या लावून बसलोय. मे महिन्यात. ह्यांना दम्याचा त्रास आहे हे अख्ख्या बिल्डिंगला माहीत आहे. त्या खताच्या निळ्या ड्रमचा वास तुमच्या चौथ्या मजल्यापर्यंत येत नसेल 🙏

देशमुख काकू, बी-१०२: आणि लिफ्टमध्ये चिखल. आरशावर पंजे उमटलेत. पोरं खाडीवरची सफाई करून आली ती तशीच वर.

गायकवाड, डी-३०१: लिफ्ट चालू आहे?? कुठल्या विंगची? 😄

पाटील, सी-२०१: मागच्या पट्टीत आठ गाड्या बसतात. २०१९ च्या एजीएममध्ये विषय झालेला आहे. मिनिट्स बघावेत.

सावंत (सेक्रेटरी), ए-४०३: काकू नमस्कार. मी सकाळीच खाली जाऊन आलो. वास आहे, नाकारत नाही. मुलांशी बोलतो.

देशमुख काकू, बी-१०२: मुलांशी काय बोलताय. परवानगी तुम्ही दिलीत.

सावंत (सेक्रेटरी), ए-४०३: कमिटीने दिली.

शिर्के वहिनी, बी-३०४: काकू, लिफ्ट तन्वीने आणि डी विंगच्या मुलांनी दहा वाजता पुसून काढली. फिनाईल आमच्या घरचं. वॉचमनला विचारा.

देशमुख काकू, बी-१०२: मी कोणाचंही नाव घेतलेलं नाही.

शिर्के वहिनी, बी-३०४: बी विंगमधून खाडीवर दुसरं कोण जातं काकू?

कदम आजोबा, सी-१०३: 🌹 सुप्रभात 🌹 आपला दिवस आनंदाचा जावो

गायकवाड, डी-३०१: आजोबा साडेबारा वाजले

म्हात्रे काका, ए-००२: खाडीचा चिखल फिनाईलने जात नाही. आम्ही चिखलातले निवट्या मासे पकडून आलो की आई अंगणातच उभं करायची, अंगावर दोन घागरी, मग घरात. पोरांना गेटच्या नळावर पाय धुवायला लावा. विषय संपला.

गायकवाड, डी-३०१: काका तेव्हा लिफ्ट होती का

म्हात्रे काका, ए-००२: तेव्हा तुमची सोसायटी पण नव्हती. भात लावायचो आम्ही. नवी मुंबई वसवणारी सिडकोच १९७० ची.

बर्वे, ए-२०२: स्पष्ट बोलतो, राग मानू नये. ही मुलं कॉलेजच्या तासांसाठी करतात. सर्टिफिकेट हातात पडलं की ड्रम आपल्या गळ्यात. गच्चीवरच्या भाज्यांचं काय झालं आठवतं ना? वॉटरप्रूफिंगला किती गेले?

जोशी सर, ए-१०४: बर्वे, गच्चीवरचे टोमॅटो लॉकडाऊनमध्ये तुम्हीच लावले होतेत. मुलांचा त्यात संबंध नव्हता. राहता राहिला तासांचा प्रश्न. राष्ट्रीय सेवा योजना (एनएसएस) १९६९ साली, गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षात सुरू झाली. एनएसएसच्या विद्यार्थ्याने वर्षाला १२० तास, दोन वर्षांत २४० तास द्यायचे असतात. मी अठ्ठावीस वर्षं मुलांच्या वह्यांत हे तास भरून घेतले आहेत, त्यातले खोटे किती हेही मला कळायचं. तन्वीचं कॉलेज संपून ती नोकरीला लागली. तिला आता ड्रम फिरवायचे मार्क कोण देणार? उलट २०१६ च्या घनकचरा नियमांनीच सांगितलं होतं की ५००० चौरस मीटरच्या वरच्या सोसायट्यांनी ओला कचरा शक्यतो आवारातच जिरवायचा. आपला प्लॉट त्यात बसतो. म्हणजे जे काम आपलं, ते

जोशी सर, ए-१०४: चुकून सेंड झालं. म्हणजे जे काम आपलं, ते ही मुलं करतायत.

बर्वे, ए-२०२: एक टोमॅटोची कुंडी होती सर.

गायकवाड, डी-३०१: सर अकरा होत्या. मी मोजायचो, कपडे वाळत घालायला जागा नसायची

पाटील, सी-२०१: पुन्हा टाकतो. मागच्या पट्टीत आठ गाड्या बसतात. २०१९ च्या एजीएममध्ये विषय झालेला आहे. मिनिट्स बघावेत.

राणे, डी-५०२: हे सगळं प्रोफेशनली करता येईल. एजन्सी लावू, ऑटोमॅटिक मशीन येतं. मुलांना कशाला त्रास.

सावंत (सेक्रेटरी), ए-४०३: राणे साहेब, मशीन, वीज आणि माणूस, तिन्हीचा खर्च मेंटेनन्समध्ये जाईल. चालणार असेल तर सांगा.

सावंत (सेक्रेटरी), ए-४०३: ज्यांच्याबद्दल बोलतोय ते ग्रुपवरच नाहीत, हे बरोबर वाटत नाही.

_सावंत (सेक्रेटरी) यांनी तन्वी शिर्के यांना ॲड केलं_

तन्वी, बी-३०४: नमस्कार सगळ्यांना. काकू, वासाचं तुमचं म्हणणं बरोबर आहे, सॉरी. तो फक्त ड्रम नंबर ३ मधून येतोय. काल रात्री त्यात कोणीतरी पुलाव आणि पनीरची ग्रेव्ही टाकली, प्लॅस्टिकच्या पिशवीसकट. शिजलेलं, तेलकट, ओलं असं एकदम खूप पडलं की आत हवा खेळत नाही आणि असा आंबट वास सुटतो. ड्रम रिकामा करून सुका पाला मिसळला की दोन-तीन दिवसांत जाईल.

तन्वी, बी-३०४: एक बादली ओल्या कचऱ्याला निदान दोन बादल्या सुका पाला लागतो. त्यासाठी पोती भरून ठेवली होती. ती हलवली गेली आणि आता रोज सकाळचा सगळा पाला कचऱ्याच्या गाडीत जातो.

देशमुख काकू, बी-१०२: पोत्यांत उंदीर होते.

तन्वी, बी-३०४: हो काकू. पण आम्हाला सांगितलं असतं तर झाकणाच्या पिंपात ठेवला असता.

गायकवाड, डी-३०१: प्रश्न एवढाच की पनीर कोणाचं

फडके, सी-४०४: काल हॉलचं बुकिंग कोणाचं होतं?

राणे, डी-५०२: _हा मेसेज डिलीट करण्यात आला_

गायकवाड, डी-३०१: वाचला मी 😂

राणे, डी-५०२: केटररच्या माणसाने टाकलं असेल. बारशाला दीडशे पाहुणे, आम्ही कुठे कुठे बघणार? आणि ग्रुपवरचे अर्धे लोक जेवून गेलेत. तेव्हा कोणी नाकाला रुमाल लावला नव्हता.

गायकवाड, डी-३०१: पुलाव उत्तमच होता राणे साहेब. दुसऱ्या दिवशीही घमघमतोय

शिर्के वहिनी, बी-३०४: म्हणजे चिखलावरून माझ्या मुलीला बोलायचं आणि पनीर केटररचं.

सावंत (सेक्रेटरी), ए-४०३: वहिनी प्लीज. राणे साहेब, केटररशी आम्ही बोलतो, पुढच्या बुकिंगपासून उरलेलं अन्न कुठे टाकायचं ते फॉर्मवरच लिहू.

नायर आंटी, डी-२०४: माझी मराठी चुकली तर माफ करा. पाऊस येणार. डेंग्यूचा मच्छर ह्या ड्रममधून होतो का? नात लहान आहे.

तन्वी, बी-३०४: नाही आंटी. डेंग्यूचा डास साचलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो, आठ-दहा दिवसांत त्याचे डास होतात. म्हणून आम्ही दर आठवड्याला बागेतल्या कुंड्यांखालच्या ताटल्या उपड्या करतो. घरातल्या तुमच्या तुम्ही करा. ए विंगच्या जिन्यात मनीप्लांटच्या बाटल्या आहेत, त्यात अळ्या सापडल्या होत्या.

बर्वे, ए-२०२: त्या आमच्या सौ.च्या आहेत. सांगतो तिला.

पाटील, सी-२०१: मूळ मुद्दा बाजूला पडतोय. मागच्या पट्टीत आठ गाड्या बसतात. २०१९ च्या एजीएममध्ये विषय झालेला आहे. मिनिट्स बघावेत.

फडके, सी-४०४: पाटील साहेब, विषय झाला होता, मंजूर झाला नव्हता. ती मार्जिनची मोकळी जागा आहे, फायर ब्रिगेडची गाडी फिरायला ठेवलेली. तिथे पार्किंग आखता येणार नाही. आणि तन्वी, ड्रमही वाटेत नकोत, भिंतीला सरकवून घ्या.

तन्वी, बी-३०४: हो काका, पंप रूमच्या भिंतीला लावतो. तिथून बी विंगच्या खिडक्याही लांब पडतील.

पाटील, सी-२०१: आणि ती जी रोपं लावणार आहात? झाड एकदा उभं राहिलं की १९७५ च्या कायद्याने महापालिकेच्या परवानगीशिवाय फांदीसुद्धा छाटता येत नाही. कळतं आम्हाला सगळं.

तन्वी, बी-३०४: काका, ताम्हण आणि बहावा आहे. भिंतीच्या कडेने. फायरच्या गाडीची वाट सोडूनच.

पाटील, सी-२०१: मिनिट्स बघावेत.

सावंत (सेक्रेटरी), ए-४०३: मिनिट्सचं पुस्तक कपाटात आहे. कपाटाची किल्ली माजी सेक्रेटरींकडे. ते पुण्याला.

शिर्के वहिनी, बी-३०४: मी एक बोलते. बागेला माझी ना नाही, पण मला स्वतःलाच ते खाडीचं पटत नाही. काचा असतात, इंजेक्शनच्या सुया असतात. रबरी हातमोजे फाटून आणते ही.

तन्वी, बी-३०४: आई, घरी बोलू ना

म्हात्रे काका, ए-००२: वहिनी बरोबर बोलतायत. तिवरांत शिरायचं तर भरतीची वेळ बघून. अमावास्या-पौर्णिमेला उधाण असतं, पाणी मागून येतं, कळत पण नाही. आणि चपला नको, घोट्यावर घट्ट बसणारे बूट पाहिजेत.

तन्वी, बी-३०४: काका, आम्ही ओहोटीची वेळ बघूनच जातो. पण पुढच्या वेळी तुम्ही आलात तर बरं होईल. कुठे पाय खचतो ते आम्हाला अजून नीट कळत नाही.

म्हात्रे काका, ए-००२: येतो. काठी लागेल मला.

जोशी सर, ए-१०४: ठाणे खाडीचं फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ मध्ये जाहीर झालं. २०२२ मध्ये जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत आलं. आपण नवी मुंबईला फ्लेमिंगो सिटी म्हणून मिरवतो आणि

गायकवाड, डी-३०१: सर ते फ्लेमिंगो मेंटेनन्स वेळेवर भरतात का?

सावंत (सेक्रेटरी), ए-४०३: मेंटेनन्सचा विषय निघालाच आहे तर थकबाकीदारांची यादी टाकू का? डी-३०१ वरून सुरुवात आहे.

गायकवाड, डी-३०१: सर तुम्ही फ्लेमिंगोंबद्दल बोला 🙏

सावंत (सेक्रेटरी), ए-४०३: ड्रम, रोपं आणि मागची पट्टी, तिन्ही विषय सप्टेंबरच्या आत होणाऱ्या एजीएममध्ये घेऊ. तोवर आहे तसं चालू.

तन्वी, बी-३०४: काका, मी तेव्हा पाच मिनिटं बोलू शकते का? किती कचरा जिरला त्याची वही आहे आमच्याकडे.

सावंत (सेक्रेटरी), ए-४०३: सभासद तुझे बाबा आहेत ना तन्वी. सभेत सभासदच बोलतात. त्यांना मांडायला सांग.

शिर्के वहिनी, बी-३०४: हे ऑक्टोबरपर्यंत बोटीवर आहेत. शेअर सर्टिफिकेटवर माझंही नाव नाही, दोनदा अर्ज दिलाय कमिटीला.

म्हात्रे काका, ए-००२: बोलायला चालत नाही. ड्रम उपसायला चालते.

बर्वे, ए-२०२: नियम सगळ्यांना सारखा असतो म्हात्रे.

जोशी सर, ए-१०४: तिचा विषय मी मांडेन.

फडके, सी-४०४: सर, लेखी द्या. तोंडी नको.

तन्वी, बी-३०४: थँक्यू सर. वही आणून देते. आता ड्रम नंबर ३ चं बघू, रविवारपर्यंत थांबण्यात अर्थ नाही. उद्या रात्री ८ ला रिकामा करूया का? तीन-चार जण हवेत. फावडी दोनच आहेत.

राणे, डी-५०२: उद्या उशिरापर्यंत कॉल आहे. एक फावडं माझ्याकडे आहे, वॉचमनकडे ठेवतो.

बर्वे, ए-२०२: गुडघा.

नायर आंटी, डी-२०४: मी नातीला घेऊन येते. बघायला.

गायकवाड, डी-३०१: मी येतो. यादी टाकू नका

देशमुख काकू, बी-१०२: आठला ह्यांची जेवायची वेळ असते. ड्रम उघडलात की काय होईल? सातला करा.

शिर्के वहिनी, बी-३०४: तिची लोकल नेरुळला सात चाळीसला येते काकू.

सावंत (सेक्रेटरी), ए-४०३: वॉचमनला सांगितलंय, उद्या सकाळचा पाला गाडीत द्यायचा नाही.

तन्वी, बी-३०४: काकू, नऊला चालेल?

देशमुख काकू, बी-१०२: नऊला करा. आम्ही पावणेनऊला जेवून घेतो.