छोटं कुत्रं फिरवताना मोठं कुत्रं अंगावर आलं तर? तुमचे अनुभव लिहा

ओली_माती
आज सकाळी पुण्यात तळजाई टेकडीच्या उतारावर एक मुलगी ओढणीत काहीतरी गुंडाळून पळत खाली येत होती. जवळ आल्यावर दिसलं, छोटं शिट्झू कुत्रं. मागून एक गृहस्थ आपल्या मोकळ्या लॅब्रेडॉरला हाका मारत येत होते, "काही केलं नाहीये त्याने, खेळायला गेला होता." मी तिला एवढंच म्हटलं, रक्त दिसत नसलं तरी आत्ता डॉक्टरकडे ने. ती रिक्षात बसून गेली. मी तिथेच कट्ट्यावर बसून राहिले, कारण चिंगी आठवली.

चिंगी आमची स्पिट्झ, जेमतेम पाच किलोची. २०११ सालची गोष्ट. बाबा रोज संध्याकाळी तिला कॅनॉलच्या रस्त्याने न्यायचे. एका बंगल्याचं फाटक उघडं राहिलं आणि अल्सेशियन बाहेर आला. पाठीला धरून दोनदा झटकलं आणि सोडून दिलं. घरी आणल्यावर आम्ही केस बाजूला करून पाहिलं तर दोन बारीक भोकं, मुगाच्या दाण्याएवढी. हळद लावली. तिने दूधभातही खाल्ला. रात्री अकराला तिचं पोट भात्यासारखं हलायला लागलं. एक्स-रेत दोन बरगड्या मोडलेल्या, छातीत हवा साठलेली. वरून दोन भोकं, आणि कातडीखाली मांस सगळं सुटलेलं.

चिंगी वाचली, पुढे सहा वर्षं जगली. पण बाबांनी पट्टा पुन्हा हातात घेतला नाही. "मला वेळेवर उचलता आलं नाही तिला," एवढंच म्हणायचे. गुडघ्यांमुळे वाकायला वेळ लागला, हे त्यांनी फक्त आईला सांगितलं होतं. आणि हळद लावून पाच तास घरी बसलो ते आम्ही, त्याबद्दल त्यांच्याशी आम्ही कधी बोललो नाही.

तुम्ही काय करता? उचलता की नाही?

रात्रपाळी
पोटात गोळा आला वाचून. आमचा पग, लिफ्टमध्ये. दार उघडलं आणि समोर हस्की, दोघांनाही मागे सरायला जागा नाही. कानाला चार टाके. आता मी लिफ्टच्या दारासमोर उभीच राहत नाही, बाजूला भिंतीशी, तो भिंतीकडे आणि मी मध्ये. आत कुत्रा असेल तर पुढची लिफ्ट. कुकर लावलाय, नंतर येते.

दोन_शेपट्या
उचलण्याबद्दल. मी उचललं आणि मोठा माझ्या अंगावर चढला, दंडाला दात लागले. पंधरा मिनिटं नळाखाली साबणाने धुतलं, मग रेबीजची इंजेक्शनं: दिवस ०, ३, ७, १४, २८. मालक म्हणाले लस दिलेली आहे, कार्ड काही दाखवलं नाही. मी पाचही घेतली.
तरी उचलतेच, पण लांबून दिसला की. तो दहा फुटांवर आला असेल तर हवेत उचलून धरणं म्हणजे त्याला उडी मारायला बोलावणं. हार्नेसला पाठीवर मूठ असलेला घेतलाय, गळ्याला हिसका बसत नाही. काखेत घ्यायचं, तोंड आपल्या छातीकडे, आपण आडवं वळायचं, आणि पळायचं अजिबात नाही.

एक_पशुवैद्य
दवाखान्यात दोन पेशंटच्या मध्ये लिहितोय. झटकलेल्या कुत्र्याची कातडी सैल असते, दाताबरोबर सरकते, म्हणून फाटत नाही. फाटतं ते खाली. जखम उघडून धुवावी लागते, कधी आत नळी ठेवावी लागते. त्यामुळे भोकं हळदीने किंवा पावडरने बुजवू नका. हिरड्या पांढरट किंवा निळसर, श्वास जोरात, पोटाला हात लावू देत नाही, यातलं काहीही दिसलं तर थांबू नका. काहीच दिसलं नाही तरी आणाच. घरातली माणसांची दुखण्यावरची गोळी देऊ नका, आयबुप्रोफेनने कुत्र्याच्या पोटात रक्तस्राव होतो, मूत्रपिंडं जातात. रेबीजची लस झालेली असली तरी चाव्यानंतर बूस्टर लागतो. डॅशहुंड असेल तर उचलताना एक हात छातीखाली, दुसरा मागच्या पायांखाली, त्याची पाठ लोंबकळू द्यायची नाही.
आणि ओली_माती, तुमचे बाबा वाकले असते तर तो दात कदाचित त्यांच्या चेहऱ्यावर बसला असता. मी अशी माणसं पाहिली आहेत.

ओली_माती
बाबा २०१९ ला गेले. हे त्यांना कुणीतरी सांगायला हवं होतं. आईला आत्ता वाचून दाखवलं. धन्यवाद डॉक्टर.

आजोळ
आमच्या आजीकडे वाईला मोती होता. गल्लीतला कुठलाही कुत्रा आला की आजी नुसती "हाड्!" म्हणायची आणि सगळी आळी रिकामी. मोतीसुद्धा पलंगाखाली. विषयाशी संबंध नाही, आठवलं म्हणून.

गावठी
मी दुसऱ्या बाजूचा माणूस. घरी रॉटवायलर. बाहेर पडताना मुसकं घालतोच, जाळीचं, त्यात तो धापू शकतो, पाणी पिऊ शकतो. लोक त्याच्याकडे खुनी असल्यासारखं बघतात, त्याचं वाईट वाटतं, पण मुसकं राहणार.
एक विनंती मात्र आहे. तो गुंडाळीचा पट्टा, पाच मीटर सुटणारा, कृपा करून वापरू नका. तुमचं पिल्लू भुंकत थेट माझ्याच्या नाकाखाली येतं आणि तुम्ही तिकडे फोनवर. चार-पाच फुटांचा साधा पट्टा घ्या. समोरासमोर सरळ चालत येऊ नका, रस्ता ओलांडा नाहीतर वळसा घ्या. आणि पट्टा ताणून धरला की कुत्र्याला वाटतं आपल्याला भीती वाटतेय, ते जास्त चिडतं.

कॉफी_नको_चहा
गुंडाळीच्या पट्ट्याबद्दल +१. त्याच्या दोरीने माझं बोट कापलंय. @गावठी मुसकं कुठून घेतलं? आमच्या लॅबला मापाचं मिळत नाहीये.

गावठी
ऑनलाइन. नाकाची लांबी आणि घेर, दोन्ही मोजा. थोडं सैलच घ्या, तोंड उघडता आलं पाहिजे.

निळी_छत्री
आमचा प्रश्न गल्लीतल्या टोळीचा. सिंहगड रोड, सोबत चार किलोचा पॉमेरेनियन. नाव बघा आणि ओळखा उपाय. बटण दाबून उघडणारी छत्री. धाड्कन मध्ये उघडली की येणारा कुत्रा थबकतो, आणि आपलं पिल्लू पडद्याआड. घरात आठ दिवस सवय करा आधी, पहिल्यांदा आमचाच सोफ्याखाली गेला होता. खिशात बिस्किटांचा चुरा असतो, तो कुत्र्याच्या पायाशी पसरून टाकायचा. हुंगत बसतात, तेवढ्यात आपण वळायचं.
भाद्रपदात मी वाट बदलते. माद्या माजावर असतात, नर एकमेकांवर तुटून पडलेले असतात, मध्ये कुणीही सापडतं. मग त्रेसष्ट दिवस मोजा, दिवाळीच्या आसपास पिल्लं. तेव्हा आई कुणालाच जवळ येऊ देत नाही, आणि ती बरोबरच आहे. कानाला खाच असलेली कुत्री नसबंदी झालेली. आमच्या कोपऱ्यावर एका काकू त्यांना खायला घालतात, मी आठवडाभर रोज त्यांच्यासोबत उभी राहिले. आता ती टोळी आम्हाला ओळखते. तुमच्याकडे होईलच असं नाही.

रात्रपाळी
आले. धरलंच असेल तर काय करायचं? हस्कीच्या वेळी मी नुसती किंचाळत होते.

गावठी
दोघांच्या तोंडाजवळ हात नको. छोटं ओढू नका, मांस फाटतं. मोठ्याच्या डोक्यावर जॅकेट टाका, पाणी ओता. तरी सोडत नसेल तर मालकाने मागून गळ्यातला पट्टा वर धरून पिळायचा, सोडेपर्यंत. सुटल्यावर मागचे पाय उचलून मागे मागे न्यायचं. किंचाळलात त्यात तुमची चूक नाही, सगळेच किंचाळतात.

सहकारनगरवासी
कायद्याचं कुणी विचारण्याआधी सांगतो. भारतीय न्याय संहिता, कलम २९१. आपल्या जनावराची नीट काळजी न घेतल्यामुळे माणसाच्या जिवाला धोका किंवा गंभीर दुखापतीची शक्यता निर्माण झाली तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. यात माणूस आहे, कुत्रं नाही. मला हे फार खटकतं.

दोन_शेपट्या
रविवारी सकाळी सहाला तळजाईला छोट्या कुत्र्यांची मंडळी एकत्र चालू या का? चार-पाच जण असलो की मोकळ्या कुत्र्याच्या मालकाशी बोलायला तरी बरं पडतं. @निळी_छत्री छत्री आणा.

निळी_छत्री
आणते. दोन आणते.

ओली_माती
मी येते. आमच्याकडे आता कुत्रं नाही, पण येते. ती मुलगी दिसली तर विचारायचंय.